सहा नंबरची बोट

शर्यतीच्या आदल्या दिवशी गंगापूरच्या पाण्यात बोये टाकले.
नऊ नारिंगी. दहावा कमी पडला म्हणून
एक निळं पिंप, वर लाल ओढणी बांधून.
ओढणी काळू लिलकेच्या बायकोची,
संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर.

गिरणाऱ्याच्या शाळेचे पीटीचे खैरनार सर
तीन स्टॉपवॉच एकदम दाबून बघत होते.
तिसरं अर्ध्या सेकंदानं मागं.
ते त्यांनी खिशात घातलं,
नापास पोराला मागच्या बाकावर बसवावं तसं, न रागावता.

मागच्या साली काठावर माणसं चाळीस,
त्यातली अकरा आमच्याच घरची.
यंदा सावरगावच्या फाट्यापासून गाड्यांची रांग,
द्राक्षाच्या बागेत पार्किंग, शंभर रुपये,
भेळ, फुगे, डोक्यावर घोंघावणारे ड्रोन,
कारण सहा नंबरच्या बोटीत
टीव्हीवरचे इन्स्पेक्टर सरंजामे बसणार होते.
खरं नाव काय ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

माझी बचावाची बोट. काम सोपं,
इंजिन गरम ठेवायचं
आणि आपलं काम पडू नये म्हणायचं.

पहिल्याच फेरीत रेश्मा धोंडगेनं
पिंपापाशी असं वळण घेतलं
की बोटीचं अर्धं बुड उघडं पडलं,
कुशीवर फिरलेल्या माशासारखं लखकन चमकलं.
खैरनार सर "अरे!" एवढंच म्हणाले.
काठावर नुसत्या पाठी.
सगळे मोबाइल धक्क्याकडे, सहा नंबरकडे,
जी अजून सुटलीच नव्हती.
साहेब हेल्मेट काढून हात हलवत होते,
कारण हेल्मेट घातल्यावर ते कुणीही होते.

सुटले एकदाचे.
दुसऱ्या फेरीत, पिंपाच्या अलीकडे,
सहा नंबर गप्प झाली.
मी गेलो. दोर फेकला.
त्यांनी झेलला, आणि नाकाडाला गाठ अशी मारली
की मी बघतच राहिलो.
"कुठं शिकलात?"
"वडील वाळूच्या होडीवर होते, कोपरगावच्या खाली.
बोलू नका कुठं. सिरियलमध्ये मी वाळूवाल्यांनाच पकडतो."
मग बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.
"ती कोण, मघाशी वळली ती?"
"रेश्मा. पहाटे दूध घालते. इंजिन स्वतः खोलते."
"माझं इंजिन बंद पडलं नाही," ते म्हणाले,
"मी पाडलं. ते वळण बघून हात आखडला."
काठ जवळ आला तसे ताठ बसले, केस सारखे केले.
"काय सांगायचं?"
"गवत अडकलं म्हणू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलम:
पाणगवतानं केला इन्स्पेक्टरचा घात.
खाली, बारीक अक्षरात, प्रथम क्रमांक
रेश्मा ढोंगडे. ढ, आणि वर ढोंग.
ती म्हणाली, बक्षिसाचा चेक तरी बरोबर नावाचा आहे.
महिन्याभरात पाटबंधाऱ्याची माणसं आली,
गवत काढायला.
तिथं गवत कधीच नव्हतं.
तरी दोन दिवस काढत होती.

आता मालिकेत सरंजामे गोळी लागून गेले.
त्यांच्या जागी दुसरे कुणी आले,
त्यांना म्हणे पाण्याची ॲलर्जी.
यंदा बाग रिकामी, भेळवाला एकच,
तोही चुकून आलेला.
माणसं साठेक मोजली मी.
चाळीस जुनी. बाकीच्यांत
गिरणाऱ्याच्या शाळेच्या सात मुली,
धक्का सोडून लांब, चिखलात उभ्या,
जिथून पिंप नीट दिसतं.
सर नेहमीचं नापास घड्याळ त्यांच्या हातात देऊन आले होते.

त्या जागेला सगळे आता सरंजामे वळण म्हणतात.
रेश्मासुद्धा म्हणते,
"सरंजामेला जरा उशिरा दाबायचं," असं,
पोरींना शिकवताना.

ओढणी अजून पिंपावरच आहे.
लाल राहिली नाही.
काळूची बायको दिसली की मी
बोटीत काहीतरी शोधायला वाकतो.